जाळीमागची तुळस

बाबा,

तुमची तुळस यंदा अजून बिनलग्नाची आहे. उद्या पौर्णिमा, म्हणजे लग्न लावायचा शेवटचा दिवस. हे तुम्हाला सांगायची लाज वाटते, आणि सांगावं असं दुसरं कोणी नाही.

आपल्या खिडकीखालची जागा तेवढीच आहे. इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. तुम्ही तिथे अनंत लावलात, कर्दळ लावलीत आणि कापलेल्या पिंपात तुळस. मांजरी कुंड्यांत घाण करायच्या. तुम्ही रविवारी खुरप्याने ती काढायचात, वर नवी माती घालायचात, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मुलांचा चेंडू आला, की काय मोडलं ते बघण्याआधी तुम्ही चेंडू परत फेकायचात. आपल्या हातच्या वस्तूची माणूस अशी नासधूस कशी होऊ देतो, हे मला कळायचं नाही.

तुळशीच्या लग्नाला इमारतीतली सगळी मुलं वरपक्ष असायची आणि तुम्ही एकटे मुलीचे बाप. कामावरून लवकर येऊन तुम्ही सोवळं नेसताय, उसाचा मांडव घालताय. जिन्यावरून वऱ्हाड थाळ्या वाजवत उतरतं आणि आल्या आल्या भांडण काढतं. "चुरमुऱ्यांत बत्तासे कुठायत? आमची वरमाई रुसली!" तुम्ही खरोखरीचे हात जोडता. "सांभाळून घ्या हो मंडळी, गरीब बाप आहे मुलीचा." मुलं हसतात, तुम्ही हसत नाही. मी दाराआड उभा असतो. एका झाडासाठी तुम्ही पोरासोरांपुढे वाकता, हे मला बघवत नाही.

तुम्ही गेलात आणि माझी शाळा सुटली. आता मी ठाण्याला, नौपाड्यातल्या एका छापखान्यात लग्नपत्रिका टाइप करतो. माझ्या हातून वेलांटी चुकत नाही, असं मालक गिऱ्हाइकांना सांगतात. तुळशीचं लग्न मी दरवर्षी उरकत आलो, मुलंही येत राहिली. यंदा श्रावणात चेंडूने अनंताची फांदी मोडली आणि त्याच आठवड्यात मांजरीने कोथिंबिरीच्या ट्रेमध्ये पिल्लं घातली. पिल्लं डोळे उघडून हिंडायला लागेपर्यंत मी थांबलो. मग हिरवी जाळी ठोकली, बागेच्या फाटकाला कुलूप घातलं आणि पाटी लावली: "आत येण्यास सक्त मनाई आहे. मांजरांना खायला घालू नये." एकही चूक नाही तिच्यात. त्या दिवशी मला वाटलं, तुमची बाग मी वाचवली.

द्वादशीला संध्याकाळी वरच्या मजल्यावरची लहान मुलगी दारात आली. दुसरीत असेल.

"काका, आमच्याकडे लग्न आहे. आम्ही आमची तुळस आणली, रंगाच्या डब्यात लावली. पण तिला बाप नाहीये. तुम्ही होता का?"

मी म्हटलं, "तुझ्या पप्पांना सांग ना."

"त्यांना मंगलाष्टकं येत नाहीत. तुम्हाला येतात. दादा म्हणाला, ते खडूस आहेत, येणार नाहीत. मी म्हटलं, विचारून तर बघू."

मी म्हटलं, मला काम आहे. काम काहीही नव्हतं. ती मान हलवून गेली आणि मी दार लावून घेतलं. थोड्या वेळाने वर थाळ्या वाजल्या. मंगलाष्टकं सुरू झाली आणि दुसऱ्या ओळीलाच अडली. कोणीतरी म्हणालं, "ए, पुढचं काय रे?" "माहीत नाय, परत पहिलंच म्हण!" तीच ओळ त्यांनी पुन्हा पुन्हा म्हटली आणि प्रत्येक वेळी जोरात "सावधान" ओरडले. पुढची ओळ माझ्या तोंडात होती. मी पंख्याखाली बसून ती पुटपुटलो. हात जोडणारे तुम्ही दिसलात आणि मला तोंड कुठे लपवावं कळेना.

काल ती जिन्यात भेटली. मी विचारलं, "आमच्या तुळशीचं लग्न लावायला याल का?"

ती म्हणाली, "आमचा कृष्ण आता लग्न झालेला आहे." मग तिने बराच विचार केला. "पण दादाला विचारते. वरपक्षाच्या अटी असतील."

संध्याकाळी अटी आल्या. जाळी काढायची. पाटी काढायची. बत्तासे जास्त. आणि मांजरीला हाकलायचं नाही, कारण ती वरमाई आहे. पहिल्या तीन मी कबूल केल्या. चौथीला म्हटलं, "बघतो." दादा म्हणाला, "बघतो नाय काका, हो बोला." मी हो म्हणालो. हात जोडायचे माझ्या मनात होते, पण ते काही जोडले गेले नाहीत.

आज सुट्टी घेऊन जाळी काढली. मुलं पायरीवर बसून बघत होती. शेवटचा खिळा निघायच्या आत मांजर आत शिरली, ट्रेमधल्या नव्या कोथिंबिरीवर गोल फिरली आणि अंग टाकून झोपली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. "काका बदलले!" असं ती छोटी ओरडली.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. मांजरीवर मारायला माझ्या हातात पाण्याचा मग भरलेला होता. मुलं बघत होती, म्हणून मी तो खाली ठेवला.