कलम चार: ताईची कॅसेट

मी, खाली सही करणारा, वय वर्षे ५४, धंदा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्ती (शिकवणारा कोणी नाही, स्वतःच शिकलो), आज पूर्ण शुद्धीत, कोणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. याआधी केलेलं नाही.

१. दुकान, वरच्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. जिन्याची चौथी पायरी हलते. "उद्या बघतो" असं मी अकरा वर्षं म्हणतो आहे, त्याबद्दल माफी.

२. हत्यारं मुलीला. मीटरच्या वायरी मीटरभोवती गुंडाळू नयेत, आतून तुटतात. ती म्हणेल, "बाबा, गेल्यावरसुद्धा?" हो, गेल्यावरसुद्धा.

३. ज्या डिग्रीवाल्या इंजिनिअरने चारचौघांत मला 'तारा जोडणारा' म्हटलं, त्याला काही नाही. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त होऊन पडला आहे, तेवढा न्यावा. दोष त्याच्याच जोडणीत होता.

४. वरच्या फळीवरची, निळ्या डबीतली कॅसेट माझ्या थोरल्या ताईला. याचा खुलासा करणं भाग आहे.

मी दहा वर्षांचा असताना ताईने आपला बिघडलेला टेपरेकॉर्डर दुकानात न देता माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "उघड. फार तर आणखी बिघडेल." माझा धंदा तिथून सुरू झाला. त्या टेपवर ती एकाच रॉक बँडची गाणी ऐकायची. चोवीस वर्षांपूर्वी तो बँड आमच्या शहरात आला, तेव्हा तिने दोन तिकिटं काढली. भावजी म्हणाले, "त्या आरडाओरड्याला मी नाही येत." म्हणून मी गेलो. तिला एकच गाणं ऐकायचं होतं. बँड ते क्वचितच वाजवायचा, आणि वाजवलंच तर शेवटी.

कार्यक्रम अर्ध्यावर आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की उजवीकडच्या एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या आहेत आणि खर्ज मार खातो आहे. मला राहवेना. "ताई, पाच मिनिटांत आलो, इथून हलू नकोस," म्हणून मैदानाच्या मधोमध साउंडवाल्याच्या टेबलापाशी गेलो. त्याने तपासलं. माझंच खरं निघालं. म्हणाला, "दादा, काय कान आहेत हो तुमचे!" आणि स्वतःचा हेडफोन माझ्या कानांवर चढवला. मी फुशारलो. चाळीस मिनिटं तिथेच उभा राहिलो.

शेवटचं गाणं सुरू झालं. चार मिनिटं बारा सेकंदांनी, वाद्यं थांबतात त्या जागी, मला हेडफोनमध्ये ताईचा आवाज आला: "ए ढब्बू, कुठे आहेस रे?" गर्दीचा आवाज टिपणारा माइक टेबलाजवळच्याच खांबाला बांधलेला होता. म्हणजे ती माझ्यापासून फार तर दहा पावलांवर होती. मी वळलो नाही. गाणं चालू होतं.

तिने ते गाणं स्टेजकडे पाठ करून, लोकांची तोंडं न्याहाळत घालवलं, हे नंतर तिच्याकडूनच कळलं. बाहेर भेटल्यावर मी म्हणालो, "पाण्याच्या रांगेत अडकलो. मलाही काही धड ऐकू आलं नाही." तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे रे, दोघांचंही हुकलं." पुढच्या वर्षी बँड मोडला. आजही कुठे विषय निघाला की ती म्हणते, "आमचं दोघांचंही हुकलं."

त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग साउंडवाल्याने मला भेट दिलं होतं, तीच ही कॅसेट. तिची हाक छाटून ती केव्हाच देता आली असती, कसब होतं. दोनदा बसलो, जमलं नाही.

५. साक्षीला बोलावलेल्या शेजारच्या शिंप्याने वरचा मजकूर वाचला आणि चष्मा काढला. "शहाण्या, ताई तुझ्याहून किती मोठी?"

"अकरा वर्षांनी."

"तिचा डावा कान गेलाय, असं तूच म्हणालास ना? आणि तू मेल्यावर देणार?"

मीटरवर माप घेताना माझी अशी चूक होत नाही. ही चूक नव्हती, पळवाट होती. सबब कलम चार रद्द. खोडलेलं नाही, ताईला वाचून दाखवायचं आहे.

आत्ताच तिला फोन केला. मी नुसतंच "ताई" म्हणालो. ती म्हणाली, "ए ढब्बू, कुठे आहेस रे?"

"येतोय," म्हणालो.

ठिकाण: दुकानातलं कामाचं टेबल
दिनांक: १४ जून, दुपारी ४ वाजून १० मिनिटं
सही: (पूर्ण नावाने, खाली, ताईसाठी, 'ढब्बू')

साक्षीदार १: समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई. लिहून देणारा शुद्धीवर आहे. रडतो आहे, पण शुद्धीवर आहे.
साक्षीदार २: शेजारचा शिंपी. लिहून देणाऱ्याने कॅसेट खिशात घातलेली मी स्वतः पाहिली.