शेवटच्या घरापासून चाळीस पावलं

२४ जुलै
गोव्यात, केरीला राहायला आलो. गडहिंग्लजात डोक्यावर विटा वाहिलेला माणूस आज समुद्रासमोर स्वतः बांधलेल्या घराच्या ओट्यावर बसून चहा पितोय. पुढे चार सुरूची झाडं, वाळू, पाणी. मागे रिकामा प्लॉट, त्यामागे कृष्णनाथ. रापणीचं जाळं ओढून ओढून पाठ वाकलेले. त्यांच्या प्रभावतीबाईंनी सुक्या बांगड्याची किसमूर पाठवली. सगळे मला भाटकार म्हणतात, म्हणजे जमीनमालक. नको म्हणालो, पण फार जोरात नाही.

२९ जुलै
समुद्र किती पुढे आला, असं विचारत कॉलेजातली ऋतिका वही घेऊन दारोदार फिरली. कृष्णनाथ म्हणाले, दर्या खंय वतलो, थंयच आसा. तिथेच आहे म्हणे, शेवटच्या घरापासून चाळीस पावलं, आज्याच्या वेळेपासून. बाकी घरांतली उत्तरं मी कुंपणाशी उभं राहून ऐकली. सगळीकडे चाळीस. माझे कान तिखट. थापीच्या टकटकीवरून फरशी पोकळ की भरीव ते सांगतो. ही उत्तरं भरीव होती. जाताना पोरगी म्हणाली, जुन्या नकाशात तुमच्या पुढे अकरा घरं आहेत.

८ ऑगस्ट
नारळी पुनव. पाण्यात नारळ सोडायचा मान शेवटच्या घराला, म्हणजे मला. कृष्णनाथ माझ्या पायरीपासून मोठ्याने मोजत गेले. चाळिसाव्या पावलाला पाय भिजले. गावाने हात जोडले, तेही माझ्याकडे तोंड करून. दोन बायका कुजबुजल्या, यंदाचो अंगान बरो आसा. मी पोट आत घेतलं.

११ ऑगस्ट
फरशीखाली कुणीतरी मोजतंय. बेळगावी हेल. माझ्या आधीचा शेवटचा घरवाला बेळगावचाच, असं प्रभावतीबाई म्हणाल्या. कुठे गेला तो? तर म्हणाल्या, खंय ना, फुडें आसा. पायरीपासून पाणी मोजलं. एकतीस.

१२ ऑगस्ट
गाडी काढली. पेडणे ओलांडलं तरी पायाखाली तोच आवाज, तोच हेल. परत आलो. सव्वीस.
कृष्णनाथांनी बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. दर्याला शेवटची चूल लागते. ती घेतली की मागच्या घरापासून पुन्हा चाळीस.
शेवटची चूल. एवढंच ना. मी बांधकामातला माणूस आहे.

१४ ऑगस्ट
पुढे वाळूत पत्र्याची खोली उभी केली, माझ्यापासून पंधरा पावलांवर. केरबाला बोलावून घेतलं. माझ्या हातात पहिली थापी देणारा केरबा, आता सत्तरीचा. समुद्र बघून म्हणाला, पोरा, तू विसरला नाहीस मला. स्टोव्ह पेटवून त्यानेच चहा केला. साखर बरोबर माझ्या मापाची.

१५ ऑगस्ट
सकाळी खोली नाही. स्टोव्ह नाही. केरबा नाही.
मोजलं. पंधरा. चाळीस नाही.
कृष्णनाथ हळहळले. म्हणाले, भाटकारानूं, दोन चुलींत चाळीस पावलं सोडूंक जाय. तुम्ही चाळीस सोडायच्या जागी पंधरावर बांधलात, ती चूल तुमच्याच घरात धरली दर्याने.
जागा वाचवायची सवय. आयुष्यभर—

१६ ऑगस्ट
अकरा. मोजणारा बदलला. आता केरबा. फरशीखालून थापीने टकटक करत येतो, एकेक लादी तपासत, मला शिकवलं होतं तसं.
पाववाल्या पोदेराने माझे पाव प्रभावतीबाईंकडे टाकले.

१७ ऑगस्ट
सहा. सुरूचं एकही झाड नाही—
पोरा म्हणतो. रागाने नाही. रागावला असता तर—

दुपारी
तीन. मागच्या प्लॉटवर गाडी आलीय. कुणीतरी टेप धरून मोजतंय. त्याने समुद्राबद्दल विचारलं. कृष्णनाथांचा आवाज स्पष्ट येतोय, थंयच आसा. किसमूर खाणार का विचारताहेत. त्याला भाटकार म्हणाले—
ओरडलो. कृष्णनाथांनी इकडे बघून हात जोडले.
टकटक खुर्चीखाली. ही लादी मी स्वतः बसवली, भरीव आहे, भरीवच—
पोकळ वाज