आईचा उचललेला हात

प्रिय व्हर्नेट,

न्यूयॉर्कला परतायच्या घाईत तू विचारलंस, "ताई, कसं वाटलं माझं प्रदर्शन?" मी म्हटलं, "रंग छान आहेत." चित्र न आवडलेला माणूस हेच म्हणतो, एवढं तुला कळायला हवं होतं. आज खरं लिहिते. लिहिण्याआधी स्वतःला विचारून घेतलं, हा तिटकारा की मत्सर? थोडा मत्सर आहे. बाकी तिटकाराच.

'काळ्या स्त्रीचं उमलणं'! काय ते नाव! भिंतभर बायका, आणि सगळ्या राण्या. मधोमध आपली आई: डोक्यावर सोनेरी मुकुट, डोळ्यांत अंगार, हवेत वळलेली मूठ. वाइनचे पेले धरलेली मंडळी "काय हा विद्रोह!" म्हणत माना डोलवत होती. आणि तू, शिकागोच्या साउथ साइडच्या काळ्या वस्तीतली, चर्चच्या पुढच्या बाकावर वाढलेली पोर, शेजारी उभी राहून हसत होतीस.

ज्या फोटोवरून तू ते काढलंस, त्यात आईचा पंजा उघडा आहे. एक हात पाठीमागे, एक वर, पांढऱ्या हातमोज्यात. चर्चचं दार सांभाळणाऱ्या बायकांची ती खूण: थांबा, आत प्रार्थना चाललीय. तू बोटं मिटवलीस, हातमोजा काढलास, डोक्यावरची रविवारची हॅट उडवलीस. चर्चमधली सिस्टर ओझेल तर आईची ती मूठ बघून म्हणाली, "अगं बाई, अर्लीन ठोसा कुणाला मारतेय? उशिरा येणाऱ्यांना?" चर्चच्या हॅटवाल्या बायकांची आमची सगळी रांग खिदळली. तुझ्या कानावर गेलं असेल तर बरंच झालं.

उमलणंच हवं होतं ना तुला? आठवडाभर ती टपाल कचेरीच्या मागच्या खोलीत पोती ओढायची. रविवारी तिनं हात खाली करेपर्यंत जज्जसाहेबसुद्धा पायरीवर ताटकळायचे. तरुणपणी तो हात थरथरायचा, पुढे थरथरेनासा झाला. हे होतं काढण्यासारखं. पण मुकुट सोपा. मुकुट घातला की चेहऱ्याकडे बघावं लागत नाही.

आई त्या चित्रापुढे बराच वेळ उभी होती. मग मला विचारते, "कुणाची गं ही पोर? बिचारीला कुणी हॅटसुद्धा दिली नाही?" अलीकडे ती पुष्कळ विसरते. मलाही कधी मावशी समजते. पण त्या दिवशी तिची चूक नव्हती. चित्रात ती नव्हतीच.

एवढं सगळं ऐकवलं ते एकाच गोष्टीसाठी. कागद आणि कोळसा घेऊन ये, सोनेरी रंग तिथेच ठेव. तिला स्वतःची ओळख आहे तोवर तिला समोर उभी करून काढ. काल सकाळी पांढरा पोशाख, हातमोजे घालून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, एक हात पाठीशी, एक वर. मला आत सोडेना. आत ग्रिट्सची, मक्याची लापशी करपत होती. मी विनवलं, चिडले. शेवटी म्हटलं, "आई, व्हर्नेट आलीय." तिनं लगेच हात खाली केला आणि बाजूला सरली. मग माझ्यामागे पाहिलं. कुणीच नव्हतं. हात पुन्हा वर गेला.

तुझीच,
कोरिन