नऊ हजार पावलं

कोपरखैरणे, नवी मुंबई
६ जानेवारी २०२५

ती. वैजूआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं कानातलं यंत्र पुन्हा शिट्टी मारायला लागलंय असं कळलं. म्हणजे फोन बंद आणि पत्रं सुरू. खरं सांगू, मला बरंच वाटलं. फोनवर मी तुझ्याशी इतकी ओरडून बोलते की आबा आतून विचारतात, भांडण कुणाशी चाललंय.

आमच्या मेडिकल कॉलेजच्या एका प्राध्यापिकाबाईंनी ग्रंथालयाला काम दिलंय, ते माझ्या वाट्याला आलं. व्यायाम आणि अल्झायमर या विषयावर गेल्या वीस वर्षांत जगात काय काय छापून आलं, ते वर्षवार लावायचं. कुठल्या साली माणसांना कुठला प्रश्न पडला होता, ते त्यातून दिसतं. सुरुवातीला जिकडेतिकडे उंदीर, चाकावर धावणारे. मग म्हातारी माणसं, चालणं, सायकल. अलीकडे नाच, झोप, आतडी, आणि व्यायाम केला की स्नायूंतून रक्तात उतरून मेंदूपर्यंत पोचणारी द्रव्यं. ढीग दरवर्षी वाढतोच आहे. मला नुसता लावायचाय, पण मी वाचत बसते. का, ते तुला ठाऊक आहे.

वर्षापूर्वी डॉक्टरांनी आबांना हाच आजार सांगितला, अगदी सुरुवातीचा. चालणं सोडू नका म्हणाले. आबा रोज सकाळी एकटेच बागेपर्यंत जाऊन येतात. बंडूदादाला ते पसंत नाही. दर रविवारी ऐरोलीहून येतो आणि सांगतो की ग्रिलला कुलूप लाव, मी कामावर जाते तेव्हा घरात बाई ठेव. शेवटी असं ठरलं की पाडव्यापर्यंत आबांना फिरू द्यायचं. त्याआधी एकदा जरी वाट चुकले, तर कुलूप. आबांच्या समोरच ठरलं. ते ग्रिलकडे बघत राहिले.

मी त्यांच्या हातात पावलं मोजणारं घड्याळ बांधलंय. बघू.

पत्राला उशीर झाला तर चालेल, मायेला करू नकोस.

तुझी
अस्मिता


मोरगिरी, ता. पाटण
१५ जानेवारी २०२५

चि. अस्मितास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. चाकावर धावणाऱ्या उंदरांचं शेजारणीला सांगितलं, तर ती म्हणाली, आपण सकाळपासून दुसरं काय करतोय.

माझा एक प्रश्न आहे. मी शाळेत शिकवत होते तेव्हा पोरं असले प्रश्न विचारायची आणि मी त्यांना खाली बसवायची, तसं मला बसवू नकोस. दादा, म्हणजे तुझा बाप, अठराव्या वर्षी मुंबईला गेला. आधी मशीद बंदरला, मग वाशीच्या मार्केटात, चाळीस वर्षं त्यानं कांद्याची पोती पाठीवर वाहिली. व्यायामानं हा आजार लांब राहत असेल, तर तो दादाच्या वाट्याला यायलाच नको होता. पोतं उचलणं हा व्यायाम धरत नाहीत का तुझ्या पुस्तकांत?

बंडूला रागावू नकोस, सख्खा भाऊ आहे तुझा. लहानपणी जत्रेत तो हरवला होता. दादाला तो सापडेपर्यंत त्या पोरानं जे सोसलं, ते त्याच्या अंगातून अजून गेलेलं नाही.

जेवण वेळेवर घे आणि आत्या आहे हे विसरू नकोस.

वैजयंती


कोपरखैरणे
३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुला खाली बसवायची माझी काय बिशाद. तुझ्या प्रश्नानं माझेच आठ दिवस खाल्ले.

बहुतेक निबंधांत माणसांना विचारलेलं असतं की फावल्या वेळात तुम्ही किती व्यायाम करता. आबांना फावला वेळ कधी होता गं? रविवारी दुपारी झोपायचे तेवढाच. कामातले कष्ट वेगळे मोजायला काही जणांनी सुरुवात केलीय, आणि त्यांना चक्रावणारं दिसतंय. हौसेनं चालणाऱ्याला जो फायदा होतो, तो ओझी वाहणाऱ्याला होतोच असं नाही. म्हणे कष्टांबरोबर अपुरी झोप येते, पाठदुखी येते, सुटलेली शाळा येते. त्या गुंत्यातून एक धागा वेगळा काढायचा कसा, हे अजून कुणालाच नीट जमलेलं नाही. आजार झाल्यावर व्यायामानं विस्मरण थांबतं का, यावरही एकमत नाही. एका मोठ्या प्रयोगात माणसं अंगानं तंदुरुस्त झाली, पण विसरणं चालूच राहिलं. काही छोट्या प्रयोगांत उलट. इतकी शिकलेली माणसं छापील अक्षरांत आम्हाला माहीत नाही म्हणतात, हे वाचून मला का कोण जाणे धीर येतो.

आता आनंदाची बातमी. आबांची पावलं! सुरुवातीला रोज तीन हजार भरायची. जानेवारी संपता संपता सात हजार झाली आणि काल नऊ हजार एकशे चाळीस! मी भिंतीवर आलेख चिकटवलाय. ते आले की घड्याळ बघते आणि टाळ्या वाजवते. प्राध्यापिकाबाईंनाही दाखवला. त्या म्हणाल्या, या वयात ही वाढ लक्षात घेण्यासारखी आहे. बंडूदादा गप्प बसलाय.

इथल्या खाऱ्या वाऱ्यात तुझ्या पत्रानं गारवा येतो, तो असाच येऊ दे.

तुझी
अस्मिता


मोरगिरी
१२ फेब्रुवारी २०२५

चि. अस्मितास,
अ. उ. आ.

तुझा आनंद वाचून मीही हसले. मग पाटी घेऊन बसले. गणिताची खोड जात नाही.

घरापासून बाग किती लांब, ते मी तुझ्याकडे राहिले होते तेव्हा चाललेय. जाऊन येऊन तीन हजार पावलं बरोबर. मग उरलेली सहा हजार कुठची? तो बागेत फेऱ्या मारणाऱ्यातला नाही. वर्तुळात चालणाऱ्या माणसांना तो आयुष्यभर हसत आलाय.

माझं गणित चुकलेलं असू दे. सोबत दादासाठी एक बंद पाकीट आहे. न फोडता त्याच्या हातात दे, आणि त्यानं लिहिलेलं न वाचता टपालाच्या पेटीत टाक. एवढं माझ्यासाठी कर.

तुझ्या काळजीत असलेली
वैजयंती


कोपरखैरणे
तारीख अस्मीला विचारून लिहिली, २० फेब्रुवारी

चि. वैजीस,
दादाचा आशीर्वाद.

लिहायला तीन दिवस लागले. शब्द येतो, मग अक्षर पळतं.

तू मास्तरीण ती मास्तरीणच. बाग हाय तिथंच हाय. जाताना बरोबर जातो, येताना चुकतो. आपली वसाहत बैठी होती तेव्हा ठीक होतं. आता दर घरावर तीन तीन माळे चढलेत आणि सगळ्यांना एकाच जातीचं ग्रिल. कोपरा आला की डावीकडं का उजवीकडं ते कळत नाही. मग चालत राहतो. पाय कधीतरी दारात आणून सोडतात. कधी तासानं, कधी दीड तासानं. डोक्यातलं गेलं तरी पायातलं राहतं काय, ते मी रोज बघतोय. अस्मीच्या पुस्तकांत असलं काय लिहिलंय का, विचार. माझं नाव न घेता विचार.

कुणाला वाट विचारत नाही. हमालांच्या टोळीचा मुकादम होतो मी. गावाकडनं नवा माणूस आला की गल्ल्या मीच दाखवायचो. आता माझंच घर कुठं म्हणून विचारू? आणि बंडूच्या कानावर गेलं की लागलंच कुलूप.

पहिल्यांदा चुकून आलो तेव्हा लई भ्यालो होतो. सांगणारच होतो. तर अस्मीनं घड्याळ बघून टाळ्या वाजवल्या. पोरगी किती दिवसांनी अशी हसली. मग राहिलं.

हे तुझ्यापाशीच ठेव.

तुझा
दादा


मोरगिरी
२७ फेब्रुवारी २०२५

चि. अस्मितास,
अ. उ. आ.

दादाचं पत्र सोबत आहे. त्यानं ते माझ्यापाशी ठेवायला सांगितलं होतं. त्याचा शब्द मी जन्मात पहिल्यांदा मोडतेय. तो रागावला तर माझ्यावर रागावू दे. पण गाड्यांच्या रस्त्यावर तो कोपरे शोधत फिरतोय हे मला ठाऊक आहे आणि तुला नाही, हे मला इथं बसून सोसवेना.

आधी वाच, मग रड, मग विचार कर. हाच क्रम ठेव.

वैजयंती


कोपरखैरणे
१० मार्च २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

क्रम पाळला. ग्रंथालयात मासिकांच्या कपाटामागे उभी राहून वाचलं. ज्या आकड्याला मी टाळ्या वाजवल्या, ती माझ्या बापाची हरवलेली पावलं होती. भिंतीवरचा आलेख काढला. प्राध्यापिकाबाईंनाही खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, आपण सगळ्याच जणी किती चाललं ते मोजतो, कशासाठी चाललं ते राहून जातं.

दुसऱ्या दिवशी आबांच्या मागून गेले, त्यांना न कळता. चौथ्या कोपऱ्यावर ते थांबले. आधी एका हाताकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. चेहऱ्यावर भीती होती, पण नुसती भीती नव्हती. आपल्या आत डोकावून बघणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो. मला हाक मारवेना.

बंडूदादाला मीच सगळं सांगितलं. ठरलं ते ठरलं होतं. काल, रविवारी, तो पिशवीत कुलूप घेऊनच आला. मी एवढंच म्हटलं की लावण्याआधी एकदा त्यांच्याबरोबर चालून ये, पण वाट तू दाखवू नकोस.

सातला गेलेले दोघं सव्वानऊला आले, आणि पुढे आपल्या शेवंताबाई! त्या कधीकाळी मार्केटात कांदा निवडायच्या, आता शेजारच्या गल्लीत राहतात. झालं असं की आबा चौथ्या कोपऱ्यावर चुकले आणि सहाव्यावर बंडूदादाही चुकला. याच वसाहतीत वाढलेला माणूस! चौदा वर्षं ऐरोलीत राहतोय, रविवारी येतो तो मोठ्या रस्त्यानं, आतल्या गल्ल्यांत त्यालाही सगळी ग्रिलं सारखी दिसली. त्यानं सरळ ओट्यावर कोथिंबीर निवडत बसलेल्या शेवंताबाईंना विचारलं की धर्मराज मुकादमांचं घर कुठं. आणि आबा शेजारीच उभे! बाईंनी आधी पोट धरून हसून घेतलं, मग दोघांना फैलावर घेतलं. बंडूदादाला म्हणाल्या, मुकादमाला बगलेत घेऊन मुकादमाचा पत्ता विचारतोस, तूपण गेलास का कामातनं? आबांना मात्र हळू आवाजात म्हणाल्या की भरलेलं पोतं टोळीत कुणी एकट्यानं उचलायचं नाही, दोघांनी हात द्यायचा, हा कायदा तुमचाच ना? मग ही वाट एकट्यानं कशाला चालता, उद्यापासून माझ्या ओट्यावरनं मला हाक मारून पुढं जायचं.

आबा मान खाली घालून हसले. त्यांचं पत्र तू मला पाठवलंस हे मी त्यांना सांगितलं, पण तुझ्यावर रागावलेत असं वाटत नाही. विचारलं, तर वैजी लहानपणापासून चुगलखोर आहे म्हणाले.

निबंधांच्या माझ्या तक्त्यात मी आता एक रकाना वाढवलाय, माणूस कुणाबरोबर चालला. भरायला बसलेय. काही निबंधांत गटाने व्यायाम होता, पण बरोबरची माणसं ओळखीची होती का, हे फार थोड्यांनी लिहिलंय. त्याने फरक पडत असेल का? मला माहीत नाही, पण विचारावंसं वाटतंय.

बंडूदादा कुलूप पिशवीत तसंच ठेवून परत गेला. लावलं नाही, टाकूनही दिलं नाही. पाडवा अजून तीन आठवड्यांवर आहे.

संध्याकाळी चहा पिताना आबांनी मला विचारलं, सकाळी माझ्याबरोबर चालणारा तो माणूस कोण होता? मग तेच म्हणाले की माणूस चांगला होता, वाट विचारायला लाजला नाही, उद्या परत येतो का विचार.

मी आत जाऊन बंडूदादाला फोन केला. आबा जे म्हणाले, ते जसंच्या तसं सांगितलं. मग त्यानं विचारलं, किती वाजता येऊ?

तुझ्या मायेवरचा माझा हक्क असाच राहू दे.

तुझी
अस्मिता