पप्पांचं टक्कल आणि वसईची ट्यूब

प्रिय ब्रिजिट आत्या,

जय येशू. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? कोंबड्यांना रानमांजराचा त्रास थांबला का? आम्ही तिघं बरी आहोत असं लिहायची रीत आहे. पण खोटं लिहून पाकीट चिकटवायला माझा हात धजत नाही. तेव्हा खुलासा: दोघी बऱ्या आहोत, आणि तिसरे तुमचे धाकटे भाऊ आहेत. (फोनवर हे सांगता येत नाही. तुमचा फोन आला की पप्पा स्पीकर लावून स्वतःच मध्ये बसतात.)

पप्पांच्या टकलावर एक खरखरीत चट्टा उठला होता. तुबलीच्या गॅरेजात सगळा जन्म बहारीनच्या उन्हात गाड्यांचे डेंट काढण्यात गेला, आणि टोपी घातली तर म्हणे डोकं चालत नाही. चट्टा त्यांनी आधी बारीक पॉलिशपेपरने घासला. (खरंच. मम्मी साक्षीला आहे.) मग मी त्यांना ओढत आमच्या हॉस्पिटलात डॉक्टर लीनांकडे नेलं. तुकडा काढून तपासला. कॅन्सर नाही, आत्या, घाबरू नका; पण पुढे होऊ शकतो. असे सगळेच चट्टे बिघडत नाहीत, पण कुठला बिघडेल ते आधी कळत नाही, म्हणून घालवायचाच.

मी लॅबमध्ये असल्यामुळे डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली त्या तुकड्याची काच दाखवली. बिघडलेल्या पेशींच्या खाली शरीराच्या रक्षक पेशी जमल्या होत्या, पण लग्नात वाढपी जमावेत आणि पंगत सुरू करा असं कुणीच म्हणू नये, तशा. डॉक्टरांनी दिलेलं मलम त्यांना हाक मारतं. त्या कामाला लागल्या की जागा लाल होते, सुजते, खपली धरते. म्हणजे औषध लागू पडलं. हे मी घरी चित्र काढून समजावलं. (घरात पहिली शिकलेली असल्याने गॅसच्या बिलापासून सगळं समजावणं माझ्याकडेच असतं, आणि ऐकत कुणी नाही.)

टक्कल लाल झालं. गॅरेजातला उबेद म्हणाला, "ओस्विनभाई, सिग्नल कब हरा होगा?" पप्पा घरी येऊन माझ्यावर उखडले. "डेंट काढायला सांगितला, तर तुझ्या डॉक्टरणीनं पेंटच उडवला!" मी म्हटलं, अजून थोडे दिवस. ते म्हणाले, "इंशाल्ला." त्यांचा इंशाल्ला म्हणजे नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.

पुढच्या तपासणीला टक्कल बघावं तर गार, दिसायला नितळ. मी आनंदाने रडायच्या बेतात. पण डॉक्टरांनी चट्ट्यावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, खरखर आहे तशीच आहे, मग लाली गेली कुठे? ते मम्मीला पप्पांची कामाची डांगरी धुताना कळलं. खिशात ट्यूब निघाली. आत्या, रागावू नका, तुमची. खाज, गजकर्ण, घामोळं, सगळ्यावर चालते म्हणून तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाबरोबर पाठवता ती. तिच्यात स्टेरॉइड असतं. ते रक्षक पेशींना झोपवतं. म्हणजे सकाळी तुमची ट्यूब थोपटून निजवायची आणि रात्री माझं मलम हाका मारायचं!

डॉक्टर पुन्हा एकदा तेच मलम द्यायला तयार आहेत; नाही जमलं तर दुसरा उपाय बघू म्हणतात. पप्पा म्हणतात, "खलास. ताईची ट्यूब मानवते, तीच लावणार." मीही तुमचीच भाची आहे. चट्टा गेल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

तुमची,
सॅब्रिना

ता. क. : गावी ट्यूबा शिल्लक असतील तर कृपा करून इथे पाठवू नका. तुम्हीही लावू नका.

ता. क. २ : खरं काम हे. हिलरी अंकल सुट्टीवर वसईला येत आहेत. त्यांच्याकडे डॉक्टरांच्या मलमाची पाकिटं दिली आहेत. ती पिशवीत घालून, वर तुमच्या अक्षरात "ओस्विन, हेच लावायचं. लाल झालं तरी थांबायचं नाही. ताई" असं लिहून त्यांच्याबरोबरच परत पाठवा. पप्पांनी विचारलंच तर "वसईतही हेच मिळतं" म्हणा. (मिळतं. मी चौकशी केली आहे. तुम्हाला खोटं बोलायला लावणार नाही.)

ता. क. ३ : पिशवीत सुके बोंबील भरपूर घाला. नुसतं औषध आलं तर त्यांना संशय येईल.