हात मागे आला की पाना

धाकटे, तुला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. आधी आला तो डॉक्टरीणबाईंचा पिशवीवाला मदतनीस, बाई मागून आल्या, आणि आमच्या ह्यांनी पिशवीवाल्यालाच डॉक्टर समजून खुर्ची दिली. बाई बिचाऱ्या उभ्याच. (तुझा गुडघा कसा आहे? माझ्याबद्दल विचारूच नकोस.)

तर ह्यांचं विसरणं वाढलंय म्हणून नातीनं त्या दोघांना घरी बोलावलं होतं. विसराळू माणसांसाठी नवं औषध निघालंय, ते कुणाकुणाला देऊन बघायचं ते निवडतायत. बाईंनी छान समजावलं. मेंदूत गंज धरल्यासारखं होतं म्हणे, आणि जोडीला सूज, राखेखाली निखारा धुमसावा तशी, आतल्या आत खात जाणारी. हे जन्मभर सायकली दुरुस्त केलेले, गंज म्हटल्यावर ताठ बसले. म्हणाले, "मग चेन बदलायची, की तेलावर भागेल?" बाई म्हणाल्या, "चेन बदलता येत नाही हो आजोबा. तेल सापडतंय का तेच बघतोय." मला बाई तिथेच आवडल्या.

मग परीक्षा. लिंबू, खुर्ची, पाणी, एवढं लक्षात ठेवायचं. थोड्या वेळानं विचारलं तर ह्यांना एकही आठवेना. बाई मान खाली घालून लिहीत होत्या, आणि ह्यांचा उजवा हात हळूच मागे आला, तळवा उघडा. अगं, दुकानात सायकलीखाली वाकले की असाच हात मागे करायचे, न बघता, न बोलता, आणि मी त्यावर पाना ठेवायची. कुठला, तेही कधी सांगावं लागलं नाही. आता हात दिसल्यावर मी काय करणार? लिंबू ठेवलं. मग खुर्ची सरकवली, मग बाईंना पाण्याचा पेला नेऊन दिला. (त्यांनी मागितला नव्हता.) वार विचारला तेव्हा मी भिंतीवरचं कॅलेंडर पुसायला काढलं.

पैकीच्या पैकी! बाई म्हणाल्या, "आजोबा तर ठणठणीत आहेत, ह्यांना औषध नको." मला इतका आनंद झाला की जिना उतरून खालपर्यंत सगळ्यांना सांगून आले.

संध्याकाळी नात आली ती ऐकून डोक्याला हात लावून बसली. "आजी, नापास झाले असते तर औषध मिळालं असतं गं!"

पुढच्या खोलीत चादरीवर शेजाऱ्याची सायकल सुटी पडलीय. चांगली चालती सायकल ह्यांनी हौसेनं खोलली आणि आता जोडता येईना. (चाकातले छर्रे माझ्या आमटीच्या वाटीत.) शेजारी भला, "राहू द्या आजोबा, घाई नाही," म्हणतो आणि पायी कामाला जातो. हे दिवसभर एकच नट पुसत बसतात. काल हात मागे आला, मी पाना दिला. त्याच्याकडे बघत राहिले, मग मलाच विचारलं, "ह्याचं काय करायचं असतं गं?" मला नुसतं द्यायचं माहीत.

बाकी सगळं ठीक.
तुझी ताई

ता. क. नातीनं बाईंना फोन करून माझा पराक्रम सांगितला. त्या हसल्या म्हणे. पुन्हा परीक्षा घेणार आहेत. नात ह्यांच्याजवळ बसेल, मी घरात असायचं नाही.

आणखी एक. म्हणून तू ये. गुडघा दुखत असला तरी ये, आणि मला धरून लांब कुठेतरी ने. नुसतं दाराबाहेर बसवलंस तर मी आत जाईन, माझं मला ठाऊक आहे. हात मागे येईल आणि त्यावर कोणी काही ठेवणार नाही, हेच सारखं डोळ्यांसमोर येतं. माझा हात घट्ट धर. ते दोघं गुरुवारी सकाळीच येतो म्हणालेत.