तीनशे नॅनोसेकंद

३ फेब्रुवारी, मंगळवार

तेरा तारखेला लेख जाणार! सांगायला बाई स्वतः जिना चढून वर आल्या, धापा टाकत. प्रयोगशाळेच्या प्रमुख, पण अकरा वर्षांत त्यांचा एकही लेख छापून आलेला नाही. आता हा येणार.

आकाशातून कण पडतात, छपरातून, आपल्यातूनही आरपार जातात. एखादा तळघरातल्या आमच्या पेटीत थांबतो. थांबला की एक ठिणगी, मेला की दुसरी. प्रत्येक ठिणगीचा विजेचा ठोका केबलने वर येतो, माझा अॅम्प्लिफायर तो मोठा करतो. कोणता कधी मरेल ते सांगता येत नाही, असं यच्चयावत पुस्तकं म्हणतात. आमचे मात्र बरोबर तीनशे नॅनोसेकंदांनी, सेकंदाच्या तीनशे अब्जांश भागांनी, मरतात! दोन वर्षांत लाखावर झाले.

"तुझ्या अॅम्प्लिफायरमुळे दिसलं गं हे." घरी येईपर्यंत एकटीच हसत होते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

विशेष काही नाही. लेखाच्या आकृत्या सुबक केल्या.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

उंदरांनी केबल कुरतडली. पेटी तळघरात, अॅम्प्लिफायर वर दुसऱ्या मजल्यावर, मध्ये तीस मीटर. भांडारात पंधराचीच मिळाली. मग काय, अॅम्प्लिफायर आणि ठोके पडद्यावर दाखवणारा स्कोप उचलून जिन्याच्या वळणावर दुकान मांडलं. येणारे-जाणारे म्हणत होते, "भाजी कशी दिली?"

पण पडद्यावर — दुसरा ठोका दीडशेला! तीनशेला एकही नाही. सगळे दीडशेला.

मी जिन्यावर कुठे बसलेय हे मरणाऱ्या कणाला कसं कळणार?

 कुणालाच सांगितलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

ह्यांना कपड्यांची दोरी खिडकीच्या गजाला बांधायला लावली. दुसऱ्या टोकाला मी झटका दिला. उसळी गजापर्यंत गेली आणि परत माझ्या हातात आली. "अहो, आता गज सोडा, तुम्हीच धरा. घट्ट नको, सैलही नको." पाचव्या-सहाव्या वेळी ह्यांचा हात जमला. उसळी हातात शिरली आणि संपली, परत आलीच नाही.

"दोरी हलवायला एवढं शिकलीस होय?" हे म्हणाले. मला एकदम रडूच फुटलं. बिचारे घाबरले.

ओहम म्हणजे विजेच्या अडथळ्याचं माप; केबल पन्नास ओहमची. तिच्या टोकाशी अॅम्प्लिफायरनेही पन्नासच ओहम दाखवायला हवेत. मग ठोका आत जातो, मागे फिरत नाही. माझ्या अॅम्प्लिफायरचं इनपुट दहा लाख ओहमचं. त्याच्या तोंडाशी पन्नास ओहमचा अडथळा, रेझिस्टर, होता. दोन वर्षांपूर्वी मीच काढला! काढल्यावर ठोका दुप्पट उंच दिसला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी फुशारले.

वरून मागे फिरलेला ठोका तीस मीटर खाली पेटीपर्यंत जायचा, तिथून उलटून पुन्हा तीस मीटर वर यायचा. साठ मीटरला विजेला लागतात तीनशे नॅनोसेकंद. छोट्या ठोक्यांची परतलेली उसळी दिसायचीच नाही, मोठ्यांचीच दिसायची. थांबणारा कणही मोठीच ठिणगी देतो, म्हणून कुणाला शंका आली नाही.

पापणी लवायच्या आत ही उसळी लाखो वेळा जाऊन येईल. आणि तिची एकेक फेरी मी माझ्या डोळ्यांनी पाहत होते! केवढी गोष्ट. पण मी तिला मरण समजत होते.

९ फेब्रुवारी, सोमवार

रेझिस्टर लावला. तांदळाच्या दाण्याएवढा. पहिला ठोका निम्मा झाला आणि दुसरा गेला. मागे सरळ रेघ. इतकी शांत रेघ मी कधी पाहिली नव्हती, हात जोडावेसे वाटले.

बाईंना सांगायचं धाडस झालं नाही. भित्री कुठली!

१० फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं.

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. "काढून दाखव. लाव. परत काढ." चार वेळा केलं.

"कुणी काढला होता हा?"

"मी."

त्यांनी रेझिस्टर तळहातावर घेऊन पाहिला. मग म्हणाल्या, "ठोका फुकटात दुप्पट कसा झाला, हे मी विचारायला हवं होतं. टाळ्या पहिल्यांदा मीच वाजवल्या." उठल्या. "शुक्रवारी काही पाठवायचं नाही."

खोलीचं दार लावून घेतलं. मी बाहेर उभी राहिले, मग घरी आले. जेवण गेलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंनी बोलावलं. डोळे सुजलेले, आवाज मात्र नेहमीचा.

"तीनशेला न आलेले दुसरे ठोके असतील ना गं? त्यांचं काय केलंस?"

"बाजूला काढले, बाई. तुम्हीच म्हणाला होतात, गोंधळ आहे म्हणून."

"पुसलेस?"

"नाही."

"आण सगळे."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सहा हजार चारशे एकवीस निघाले. बाईंनी आलेख काढला. दर दीड मायक्रोसेकंदाला, म्हणजे पंधराशे नॅनोसेकंदांना, निम्मे उरतात, पुढच्या दीडला त्याचे निम्मे, मग त्याचेही निम्मे. पुस्तकात आहे तस्सं! कोण कधी मरेल कुणालाच ठाऊक नाही, आणि सगळे मिळून एवढ्या शिस्तीत. बाई आलेखावरून बोट फिरवत राहिल्या.

हे खरे कण. दोन वर्षं रोज संध्याकाळी मी एकेक करून ह्यांनाच वगळत होते.